साताऱ्याच्या डोंगरवाटांवर सायकल: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

साताऱ्यात कुठल्याही गच्चीवर उभं राहा, डोंगर दिसतोच. शहराला चिकटून अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वर, पूर्वेला जरंडेश्वर. त्यामुळे गिअरची सायकल घरात आली की पहिल्याच आठवड्यात डांबर सोडून मातीत शिरावंसं वाटतं. जरूर शिरा. फक्त एक ध्यानात ठेवा, आपल्याकडे सायकलसाठी म्हणून आखलेल्या, पाट्या लावलेल्या, कुणी निगा राखत असलेल्या वाटा नाहीत. ज्या आहेत त्या गुराख्यांच्या, देवाला जाणाऱ्यांच्या, सरपण आणणाऱ्या बायकांच्या आणि वनखात्याच्या. कुठली वाट पुढे कड्यावर संपते, कुठे गवतात चर लपलाय, हे मोबाइलच्या नकाशावर कळत नाही.

म्हणून या लेखात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: वाट आधी पायाखाली घाला, मग तिच्यावर चाक घाला. नवीन मंडळी नेमकं हेच टाळतात आणि जवळपास सगळे अपघात तिथूनच सुरू होतात.

१. सायकल घेताना

सुरुवातीला फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल पुरते. दुकानात तिला हार्डटेल म्हणतात. पुढच्या फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) १०० मिलिमीटरचा खेळ असला की आपल्या वाटांसाठी भरपूर झाला.

बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या ‘डबल सस्पेन्शन’च्या सायकलींपासून दूर राहा. दिसायला दणकट असतात, पण मागची स्प्रिंग चढाला तुमचा निम्मा जोर खाते, वजन भलतंच असतं आणि सांधे लवकर ढिले होतात. चांगली डबल सस्पेन्शनची सायकल असते, पण तिची किंमत वेगळ्याच पातळीवर असते. नवख्याला तिची गरज नाही.

ब्रेक डिस्कचेच हवेत. वायरचे डिस्क ब्रेक चालतात, मात्र वायर वरचेवर ताणून घ्यावी लागते. लांब उताराला हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक फार सुखाचे, एका बोटात काम होतं आणि मनगटं दुखत नाहीत. थोडे पैसे जास्त घालायचेच असतील तर आधी ब्रेकवर घाला, रंगावर आणि गिअरच्या संख्येवर नाही. ‘किती गिअरची आहे?’ हा प्रश्न सगळे विचारतात. विचारायचं ते वेगळंच: सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे? मागची सगळ्यात मोठी चकती ४२ दात्यांची किंवा त्याहून मोठी असेल, किंवा पुढे २२-२४ दात्यांची छोटी चकती असेल, तर यवतेश्वरचा घाट बसून चढता येतो.

माप तपासायची सोपी रीत: दोन्ही पाय जमिनीवर टेकवून सायकलच्या आडव्या नळीवर उभे राहा. नळी आणि जांघ यांच्यामध्ये तीन-चार बोटं तरी अंतर हवं. ते नसेल तर एक माप खाली उतरा, दुकानदार ‘सवय होईल’ म्हणाला तरी.

जुनी सायकल घेत असाल तर चाक धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. टकटक जाणवली तर हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचं, काम निघणार. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे असतील तर तेल गळून फोर्क मेलेला असू शकतो. मूळ बिल मागून घ्या आणि पेडलच्या दांड्याखाली कोरलेल्या फ्रेम नंबरचा फोटो काढून ठेवा. सायकल चोरीला गेली तर तक्रार देताना हाच नंबर उपयोगी पडतो.

२. सोबत न्यायच्या वस्तू आणि कागद

हेल्मेटशिवाय मातीत उतरू नका. पूर्ण बोटांचे ग्लोव्हज घ्या, अर्ध्या बोटांचे नकोत. घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या बोटांनाच आधी भेटतात. डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा. बूट सपाट, चिवट तळाचे.

पिशवीत:

- एक जादा ट्यूब, पंक्चरचे पॅच, दोन टायर लिव्हर
- छोटा पंप (तुमच्या व्हॉल्व्हला बसतो का ते घरीच बघा)
- मल्टिटूल, त्यात चेन तोडायची सोय असलेलं
- चेनची जोडकडी आणि तुमच्या फ्रेमला बसणारा जादा डिरेलर हँगर
- बँडेज, क्रेप पट्टी, निर्जंतुक गॉझ, एक मोठा रुमाल
- शिट्टी, छोटी बॅटरी, झिप टाय
- दोन ते तीन लिटर पाणी, त्यात एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर
- शेंगदाणे-गूळ, खजूर, केळी

डिरेलर हँगर हा बोटाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा असतो, मागचे गिअर बदलणारा भाग (डिरेलर) त्यावर बसतो. सायकल उजव्या कुशीवर पडली की आधी तोच वाकतो, आणि वाकला की गिअर लागत नाहीत. प्रत्येक कंपनीचा आणि मॉडेलचा वेगळा असतो. ऐनवेळी मिळत नाही म्हणून सायकल घेतानाच एक जादा मागून ठेवा.

व्हॉल्व्हचा घोळही आत्ताच समजून घ्या. मोटरसायकलीसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कुठल्याही पंपावर हवा मारता येते. बारीक, टोकाला स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर छोटा पितळी ॲडॉप्टर लागतो. सायकलच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतो. तो कायम खिशात असू द्या.

आपल्या भागात पंक्चरचं मुख्य कारण बाभळीचा काटा. ट्यूब बदलली आणि दहा मिनिटांत पुन्हा हवा गेली, असं झालं तर काटा अजून टायरमध्येच आहे असं समजा. टायर आतून चाचपायचा, पण उघड्या बोटाने नाही. रुमाल बोटाला गुंडाळून टायरच्या आतून हळूहळू फिरवायचा. जिथे रुमालाचा धागा अडकेल तिथे काटा. बाहेरून तो दिसतही नाही, कारण टोक मोडून रबरात पूर्ण बसलेलं असतं. मल्टिटूलच्या टोकाने आतून बाहेर ढकला. हा त्रास नको असेल तर रिम आणि टायर चालत असल्यास ट्यूबलेस करून आत सीलंट घाला. बारीक काट्यांची भोकं जागच्या जागी बुजतात. सीलंट वाळतं, दर काही महिन्यांनी पुन्हा घालावं लागतं.

कागद फार नाहीत: आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, रक्तगट आणि घरच्या दोन जणांचे नंबर लिहिलेली चिठ्ठी (मोबाइल लॉक असतो, चिठ्ठी नसते), आणि परवानगी घेतली असेल तर तिची प्रत.

३. वाट कुणाची आहे ते विचारा

जंगलात आपण पाहुणे असतो आणि हे कायद्यानेही तसंच आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार राखीव वनात विनापरवानगी शिरणं हा गुन्हा ठरू शकतो. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य आहे. कोयना आणि सांगली बाजूचं चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोट्याला जाणारे ट्रेकर बामणोलीत वनखात्याची परवानगी घेऊनच पुढे जातात. ‘बामणोलीच्या पुढे थोडं आत जाऊन येऊ’ असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

शहराजवळच्या टेकड्यांवर लोकांचा रोजचा वावर आहे म्हणून तिथे सगळं चालतं असा समज करून घेऊ नका. एकाच टेकडीवर खालचा भाग मालकीचा, मधला गायरानाचा आणि वरचा वनखात्याचा असू शकतो. जायचं ठरवलेल्या वाटेचं नाव घेऊन त्या भागाच्या वनरक्षकाला भेटा. बहुतेक वनरक्षक नीट सांगतात: इथून जा, तिकडे जाऊ नका, रोपं लावलीत. दोघं-तिघं असाल आणि लोकांच्या वापरातली वाट असेल तर त्यांचा होकार घेऊन, त्यांचा नंबर टिपून निघा. लेखी परवानगी लागते असं ते म्हणाले तर वाद घालू नका.

मोठ्या गटाने जायचं असेल तर लेखी अर्ज कराच. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे साध्या कागदावर लिहायचा. त्यात तारीख, वेळ, कुठून कुठे, किती जण, सगळ्यांची नावं आणि फोन, सोबत मोटारगाड्या जंगलात आणणार नाही, जाळ करणार नाही, कचरा परत नेऊ, एवढं असलं की पुरे. ओळखपत्रांच्या प्रती जोडा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक तिथे द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा. शिक्का नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच. चार-पाच दिवस आधी जा. शनिवारी सकाळी जाऊन रविवारची परवानगी मागणं हे त्यांच्यावरही अन्यायाचं आहे.

आता कास. कासचं पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर आहे. फुलं पावसाळ्याच्या शेवटी दिसतात, पण त्यांचे कंद आणि बिया वर्षभर त्याच थरात असतात. डिसेंबरात पठार सुकलेलं, मोकळं, सायकलला बोलावणारं दिसतं. त्या वेळीही चाक घालू नका. एका ओळीत दहा सायकली गेल्या तरी मातीवर चाकोरी पडते, पुढच्या पावसात तिथून पाणी वाहतं आणि माती निघून जाते. कासला डांबरी रस्त्याने जा, तलाव बघा, परत या. महादरेच्या बाजूचं रानही फुलपाखरांसाठी राखलेलं आहे. तिथे पायी फिरा.

गडांच्या आतही सायकल नको. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने चढून दरवाज्यापर्यंत जा, पुढे सायकल उभी करा.

४. वाट पायाखाली घाला

सायकल घरी ठेवा. एका सकाळी तीच वाट दोन्ही दिशांनी चाला. चढताना वाट वेगळी दिसते, उतरताना वेगळी, म्हणून येणं-जाणं दोन्ही त्याच वाटेने करा. हातात काठी असू द्या. चालताना या गोष्टी बघायच्या:

समतल चर. आपल्या टेकड्यांवर पाणी अडवण्यासाठी उतारावर आडवे सलग चर खणलेले असतात. दीड-दोन फूट रुंद, साधारण तेवढेच खोल, शिवाय खालच्या बाजूला मातीचा बांध. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढतं आणि वरून चर दिसतच नाही. वाट चर ओलांडते तिथे लोकांनी माती-दगड टाकून पूल केलेला असतो, तो एका पायापुरता. पाच हात डावीकडे सरकलात तर पुढचं चाक थेट चरात आणि तुम्ही हँडलवरून पुढे. काठीने गवत बाजूला करत चाला. प्रत्येक चर कुठे आहे, ओलांडायची जागा कोणत्या झाडाजवळ आहे, हे मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून बोलत चला. मी अजूनही तसंच करतो. लिहिण्यापेक्षा ते सोपं पडतं, आणि घरी बसून ऐकलं की वाट डोळ्यांपुढे येते.

जाळरेषा. वणवा पसरू नये म्हणून वनखातं गवत कापून किंवा जाळून पट्टे काढतं. उन्हाळ्याच्या तोंडावर हे पट्टे रुंद, स्वच्छ वाटेसारखे दिसतात आणि नवखा हमखास तिकडे वळतो. ते पट्टे उतार बघून काढलेले नसतात. काही ठिकाणी सरळ धारेवरून खाली कोसळतात.

घसारा. मुरमाचा बारीक खडा कठीण खडकावर पसरलेला असतो. पावलाखाली कर्र आवाज येतो आणि पाय सरकतो. जिथे तुमचा बूट सरकतो तिथे टायरही सरकणारच. अशा जागा उतारावर, त्यातही वळणावर असतील, तर तिथे सायकलवरून उतरायचं हे आत्ताच ठरवून टाका.

ओढे आणि घळी. ओढ्यात उतरणारी वाट समोर पुन्हा चढते का? किती उंच पायरी आहे? पाणी नसलं तरी ओढ्यातले गोटे गुळगुळीत असतात.

तारा आणि काटेरी कुंपणं. शेताच्या कडेने एखादी तार आडवी बांधलेली असते, गुरं आत येऊ नयेत म्हणून. सायकलवर ती छातीच्या उंचीवर येते. शेतकऱ्याचं काही चुकलेलं नाही, तार त्याच्या हद्दीत आहे. ती कुठे आहे हे आपल्याला माहीत हवं.

आणि माणसं. वाटेत भेटेल त्या गुराख्याशी, गवत कापणाऱ्या मावशींशी बोला. ‘मामा, ही वाट पुढं कुठं निघती?’ एवढं विचारलं की बरंच कळतं. कुठल्या कड्याला आग्या मोहोळ बसलंय, कुठल्या जाळीत रानडुकरं असतात, गेल्या आठवड्यात बिबट्या कुणाला दिसला, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्याच माणसांना उद्या तुम्ही सायकलवर भेटणार आहात. ओळख झालेली असली की कुत्रीही कमी भुंकतात.

ही पायपीट कंटाळवाणी वाटेल. पण ज्या वाटेवर चालून आलात तिच्यावर सायकल चालवताना नजर आपोआप पुढे जाते, हात मोकळे राहतात, आणि चालवण्याचा आनंद तिथे खरा मिळतो.

५. कोणत्या क्रमाने जायचं

पहिली पायरी: पाटाकडेचा मुरूम रस्ता. धोमच्या किंवा कण्हेरच्या कालव्याच्या कडेने असे सपाट कच्चे रस्ते आहेत. चढ नाही, गर्दी नाही, फक्त सैल खडी. इथे मातीवर ब्रेक कसा लागतो ते शिका. पाट वाहता असेल तर पाण्याच्या बाजूने चालवू नका. अस्तरीकरण केलेल्या उतारावरून आत गेलेला माणूस सहज वर येत नाही.

दुसरी: यवतेश्वरचा घाट. डांबरीच आहे, पण दमसास आणि गिअर यांचं शिक्षण इथे होतं. साताऱ्यातून कास साधारण २५ किलोमीटर आणि पठाराची उंची सुमारे १,२०० मीटर. सुरुवातीला यवतेश्वरपर्यंतच जाऊन फिरा. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवार टाळा, गाड्यांची रांग लागलेली असते. पावसाळ्यात धुकं आणि सुटलेले दगड, दोन्ही असतात.

तिसरी: चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार. ठोसेघरच्या पुढे. पवनचक्क्यांपर्यंत जाणारे रुंद कच्चे रस्ते मातीच्या सरावाला फार चांगले, लांबवर दिसतं आणि वळणं मोकळी आहेत. ज्या रस्त्यावर फाटक किंवा पहारेकरी असेल तिथे विचारूनच पुढे जा. आडवा वारा जोरदार असतो, कडेपासून आत राहा. सज्जनगडाच्या पुढचा चढ दमवतो, त्यामुळे पहिल्यांदा सायकल गाडीवर टाकून नेली तरी हरकत नाही. ताज्या पायांनी शिकणं जास्त होतं.

चौथी: शहराजवळच्या टेकडीवरची पायवाट. चार भिंती, कुरणेश्वर, देगावच्या बाजूने पाटेश्वरच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटा. अंतर छोटं, पण अवघड आणि माणसांनी भरलेलं. चार भिंती आणि कुरणेश्वरला पहाटेपासून फिरायला येणारे असतात, त्यात म्हातारी माणसं बरीच. तिथे सकाळी सायकल नेऊच नका. दुपारी तीननंतर, ऊन कलताना जा आणि अंधार पडायच्या तासभर आधी खाली या. पाटेश्वरला देवाला जाणाऱ्यांच्या पायऱ्यांवरून सायकल उतरवण्याचे व्हिडिओ काढायचा मोह होतो. तो टाळा. एका व्हिडिओमुळे सगळ्यांसाठी वाट बंद होते.

या क्रमाला दोन-तीन महिने द्या. तिसरी पायरी घाईत उरकून चौथीवर उडी मारणारे बहुतेक जण एखादं मनगट दुखावून परत तिसरीवर येतात.

६. मातीत चालवण्याची रीत

टायरमधली हवा कमी करा. हा एकच बदल सायकल वेगळी करून टाकतो. साधारण ७० किलोच्या माणसाला, २.२ इंची टायर आणि ट्यूब असेल तर पुढे २६-२८ आणि मागे २८-३० पीएसआय पुरे. डांबरावर ५० मारून फिरणारा त्याच हवेने मुरमावर गेला तर टायर दगडावरून उसळत राहतो, पकड मिळत नाही. पण फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. हवा मोजायचं गेज घ्या, अंगठ्याने दाबून अंदाज येत नाही.

उतारावर सीट चार बोटं खाली घ्या. पेडल दोन्ही एका पातळीत, सीटवरून उठलेले, कोपर बाहेर, गुडघे सैल. एकच बोट ब्रेकवर, बाकीची हँडलवर. नजर पुढच्या चाकाकडे न ठेवता पंधरा-वीस फूट पुढे. ज्या दगडाकडे बघाल त्याच दगडावर सायकल जाते. म्हणून दगडाशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघा.

ब्रेक दोन्ही, हळूहळू, आणि वळणाच्या आधी. ‘पुढचा ब्रेक लावला की उलटतो’ हे लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून नवखे फक्त मागचा दाबतात. मागचं चाक घसाऱ्यावर अडकतं आणि सायकल आडवी होते. थांबवायची ताकद पुढच्या ब्रेकमध्येच जास्त असते. अंग मागे घेऊन तो हलक्या हाताने लावायला सपाट मुरमावर सराव करा, हात बसेपर्यंत.

चढाला गिअर आधी टाका. पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला तर चेन कराकरा ओरडते आणि कधी तुटतेही. चढ तीव्र झाला की सीटच्या टोकावर सरका आणि छाती हँडलकडे वाकवा, म्हणजे पुढचं चाक उचललं जात नाही.

आणि शंका आली की उतरा. हातात सायकल धरून चालत खाली येणं यात कमीपणा काहीच नाही. जगभरातले शर्यतीतले लोकही अवघड जागा आधी चालून बघतात.

७. हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. माती बसलेली, हवा थंड.

पावसाळ्यात पायवाटांवर जाऊ नका. ओल्या मातीत पडलेली चाकाची खाच पुढच्या सरीत ओहोळ होते. शिवाय काळी माती टायरला इतकी चिकटते की चाक फोर्कमध्ये फिरायचं थांबतं. पावसाळ्यात डांबर आणि कठीण मुरूम, एवढंच.

ऑक्टोबरात गवत उंच असतं, चर लपलेले असतात आणि कुसळं मोज्यांतून आत शिरतात. गवत कापलं जाईपर्यंत थांबा. पुढे हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा तयार होतात, तपकिरी, मखमली लव असलेल्या. वेल वाटेवर लोंबत असेल तर हात न लावता वळसा घाला. लव लागलीच तर चोळू नका, चोळलं की पसरते. चिकटपट्टी लावून ओढा, मग भरपूर पाण्याने धुवा.

मार्चपासून वणव्यांचे दिवस. धूर दिसला तर त्या दिशेने जाऊ नका. गवताचा जाळ वाऱ्यावर चढाच्या दिशेने माणसापेक्षा वेगाने जातो. खाली किंवा आधीच जळून गेलेल्या जागेकडे सरका आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग जमले की पठार सोडा. उघड्या माळावर वीज सगळ्यात उंच गोष्ट शोधते, आणि तिथे ती तुम्ही असता.

८. जनावरं

शेळ्या-मेंढ्यांचा कळप समोर आला की सायकलवरून उतरा, वाटेच्या खालच्या अंगाला उभे राहा, कळप जाऊ द्या. धनगराची कुत्री अंगावर आली तर सायकल मध्ये धरा आणि पळू नका. धनगर हाक मारतो, कुत्री थांबतात.

हँडलला साधी घंटी लावा. वळणाआधी ती वाजली की माणूसही सावध होतो आणि रानडुक्करही बाजूला जातं. कास-बामणोलीच्या बाजूला गवे असतात. गवा दिसला की जागेवर थांबा आणि हळूहळू मागे या. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. बिबट्या बहुधा तुम्हाला दिसण्याआधीच निघून जातो. पहाटे आणि तिन्हीसांजेला मात्र रान त्याचं, त्या वेळी आपण खाली असावं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आग्या मधमाश्यांची. कड्यांना त्यांची मोठी पोळी लटकलेली असतात. खाली धूर करणं, आरडाओरडा, दगड भिरकावणं, यांतलं काहीही झालं की त्या उठतात. उठल्या तर सायकल टाका, तोंड-डोळे कपड्याने झाका, हात न झटकता शक्य तितक्या लांब पळा.

९. काही झालंच तर

एकटं जाऊ नका. तिघं असणं उत्तम. एक जखमीजवळ थांबतो, एक मदतीला जातो.

घरच्यांना वाटेचं नाव आणि परतायची वेळ सांगून निघा. कासच्या पलीकडे मोबाइलची रेंज भरवशाची नाही, त्यामुळे ‘लाइव्ह लोकेशन पाठवलंय’ यावर विसंबू नका.

पडल्यावर लगेच उठू नका. आधी मान, मग हात, मग पाय हलवून बघा. खांद्यावर पडल्यावर हात वर होत नसेल तर गळपट्टीचं हाड मोडलेलं असू शकतं. रुमालाची झोळी करून हात छातीशी बांधा आणि चालत उतरा. डोक्याला मार लागून मळमळ, गरगर किंवा बोलण्यात गोंधळ जाणवला तर त्या दिवशी सायकल बंद, सरळ डॉक्टर. फुटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका, बाहेरून ठीक दिसलं तरी.

आपल्या मुरमाड, खडकाळ रानात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. दंश झाला तर कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. अंगठी, घड्याळ काढा, तो हात किंवा पाय न हलता राहील असा आधार द्या, माणसाला चालायला लावू नका. १०८ वर फोन करा आणि प्रतिसर्प लस असलेल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. साताऱ्यात त्यासाठी सिव्हिल. मांत्रिकाकडे नेण्यात एक तासही घालवू नका. पोलीस किंवा इतर कुठलीही तातडीची मदत ११२ वर.

१०. परत आल्यावर

सायकल गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली धरू नका. हबमधलं आणि पेडलच्या बेअरिंगमधलं ग्रीस वाहून जातं आणि महिन्याभरात कुरकुर सुरू होते. बादली, जुना ब्रश, भांडी घासायचा साबण पुरे. टायर आणि बुटांचे तळ नीट घासा, कारण रानमोडीसारख्या तणांचं बी चिखलातून एका टेकडीवरून दुसरीवर जातं.

चेन कोरडी पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. शिवणयंत्राचं किंवा खोबरेल तेल नको, धूळ धरतं. डिस्कवर तेलाचा शिंतोडाही उडू देऊ नका, उडालाच तर स्पिरिटने पुसा. मग चाक उचलून फिरवा, डिस्क घासतेय का ऐका, आरे एकेक बोटाने दाबून बघा. ढिला आरा सापडला तर पुढच्या फेरीआधी दुकानात न्या, आणि वाटेवर नवा चर खणलेला दिसला असेल तर सोबतच्या मंडळींना त्याच दिवशी कळवा.